दाढी ठेवायचीय? आधी एक श्रावण थांबा

(पनवेल येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्या त्वचारोगतज्ज्ञ असून पनवेलमध्येच व्यवसाय करतात. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिला प्रश्न मला घरातूनच आला. "तुला दाढीतलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. मी दाढी कधी केली नाही, ठेवलेली तर नाहीच. (हशा) पण रोज संध्याकाळी माझ्या दवाखान्यात जे तरुण येतात, त्यांतले बरेच जण दाढीपायी येतात. कुणाची येत नाही, कुणाची खाजते, कुणाच्या दाढीत लाल चकंदळं उठलीत. आणि बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी दोन-तीन महिने आणि दोन-तीन हजार रुपये भलत्याच गोष्टींवर घालवलेले असतात. ते वाचावेत, एवढ्यासाठी आज मी इथे उभी आहे.

दाढी आपल्या रायगड जिल्ह्याला काही नवी नाही. आपल्या शहरातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथून जवळच शिरढोणला जन्मले. त्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. भरघोस दाढी. विनोबा भावे १८९५ चे, आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांचीही दाढी सगळ्या देशाला ठाऊक. पण या दोघांनी सकाळी आरशापुढे उभं राहून गालावरची रेघ सरळ आली का, हे बघितलं असेल असं वाटत नाही. दाढी तिच्या वाटेने वाढत होती आणि ते आपल्या कामात होते.

आजची दाढी वाढलेली नसते, घडवलेली असते. २०१८ मध्ये 'केजीएफ' आला, पुढच्या वर्षी 'कबीर सिंग' आला. त्याच्या आधीपासून क्रिकेटचा अख्खा संघ दाढीत दिसायला लागला होता. मुलं मोबाइलवर फोटो काढतात, सलूनच्या खुर्चीत बसतात आणि कारागिराला सांगतात, "अशी सेट करून दे." हीच मुलं नंतर माझ्याकडे येतात, तोच फोटो दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, माझी अशी का येत नाही?"

असाच एक मुलगा आला होता. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. वय वीस. आयटीआय झालेला, तळोजा एमआयडीसीत नोकरीसाठी खटपट चाललेली. बरोबर आई. दोन्ही गालांवर लालसर गोल चट्टे, कडा उठलेल्या, मधे दाढी विरळ. आई म्हणाली, "मॅडम, दाढीच्या नादात ह्याने तोंडाची वाट लावलीय." मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या पिशवीत तीन वस्तू होत्या: एक दाढीचं तेल, एक मिनॉक्सिडिलची बाटली आणि एक औषधाची ट्यूब. या तीन वस्तूंची गोष्ट आज टप्प्याटप्प्याने सांगणार आहे. सुरुवात मात्र अशा गोष्टीने करते जिला एक पैसाही लागत नाही.

श्रावणाचा नियम

आपल्याकडे कितीतरी घरांत पुरुष श्रावण पाळतात. गटारी झाली की महिनाभर दाढी नाही, केस कापणं नाही. श्रावण संपून गणपती तोंडावर आले की सलूनमध्ये बसायला जागा नसते. यामागची श्रद्धा ज्याची त्याची. पण दाढी ठेवू पाहणाऱ्याला मी नेमका हाच सल्ला देते. कुठलाही महिना धरा, पण चार आठवडे दाढीला हात लावू नका. ट्रिमर नाही, रेघ नाही, 'जरा कडा नीट करतो' हेही नाही.

का, ते सांगते. दाढीचा केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. शिवाय सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. काही वाढीच्या टप्प्यात असतात, काही विसाव्यात. आठव्या दिवशी जो गाल मोकळा दिसतो, तो चौथ्या आठवड्यात कधी कधी झाकला जातो, कारण बाजूचे लांब केस त्यावर पडतात. पण आपली मुलं आठव्या-दहाव्या दिवशी आरशात बघतात, 'पॅची आहे' म्हणतात आणि काढून टाकतात. पुन्हा सुरुवात. वर्षभर हाच खेळ चालतो, आणि आपली दाढी खरी कशी आहे हे त्यांना कधी कळतच नाही.

या काळात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास खाज सुटते. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचं टोक बोथट, कडक असतं. ते वाढताना कातडीला टोचतं. रोज चेहरा धुऊन साधं मॉइश्चरायझर लावलं की ती आठ-दहा दिवसांत कमी होते. नाहीच झाली, किंवा पुरळ आलं, तर मात्र दाखवायला या.

महिना झाला की आरशासमोर उभे राहा. कुठे दाट आहे, कुठे विरळ, केस सरळ की कुरळे, भोवरे कुठे आहेत, हे नीट बघा. दाढीची स्टाइल इथून ठरते, मोबाइलमधून नाही.

येते त्याला येते, असं का?

पहिलं म्हणजे वय. दाढी ठरलेल्या क्रमाने येते. आधी ओठाच्या कोपऱ्यांवर मिसरूड, मग पूर्ण मिशी, मग कल्ले आणि गालाचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि जबड्याची कड. अठराव्या वर्षी हे काम संपतं असा समज आहे. अनेकांचं पंचविशीपर्यंत आणि काहींचं तिशीपर्यंत चालू असतं. वीस वर्षांच्या मुलाने 'माझी येतच नाही' म्हणणं म्हणजे मे महिन्यातच पाऊस आला नाही म्हणून रडणं.

दुसरं, हार्मोन. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन असतं, त्यापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं. दाढीच्या केसांची मुळं याला प्रतिसाद देतात. पण बहुतेक निरोगी मुलांच्या रक्तात हे पुरेसं असतं. फरक असतो तो मुळांनी किती प्रतिसाद द्यायचा यात, आणि तो येतो आई-वडिलांकडून. गंमत अशी की हेच हार्मोन दाढी वाढवतं आणि डोक्यावरचे केस पातळही करतं. म्हणून टक्कल आणि भरघोस दाढी एकाच माणसाकडे सुखाने नांदतात. विरळ दाढी म्हणजे पुरुषत्वात उणीव, हा समज कृपा करून इथेच सोडून जा.

तिसरं, वस्तरा. 'रोज वस्तरा मार, दाट येईल' हे आपल्याकडे मामा, काका, मित्र सगळेच सांगतात. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच केस मोजून-मापून दाखवलं होतं की दाढी केल्याने केस जाडही होत नाहीत आणि लवकरही वाढत नाहीत. वस्तरा केसाचा बाहेरचा निर्जीव भाग कापतो. मूळ आत असतं, त्याला पत्ताही नसतो. टोक बोथट झाल्याने हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

आता त्या मुलाच्या पिशवीतल्या दोन वस्तू. दाढीचं तेल आलेला केस मऊ करतं, चकाकी देतं. नवा केस उगवत नाही. त्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

मिनॉक्सिडिल हे मात्र खरं औषध आहे. मूळचं रक्तदाबाचं, नंतर डोक्याच्या केसांसाठी वापरलं जाऊ लागलं. दाढीसाठी त्याला मान्यता नाही. थायलंडमध्ये ४८ पुरुषांवर १६ आठवडे प्रयोग झाला, त्यात न लावणाऱ्यांपेक्षा लावणाऱ्यांची दाढी बरी आली होती. म्हणजे ते अगदीच फोल नाही. पण कातडी कोरडी पडते, खाजते, काहींना धडधडतं, चक्कर येते. दिवसातून दोनदा, महिनोन् महिने लावायचं, तेही ज्या वयात दाढी आपसूक येण्याच्या वाटेवर आहे. लावायचंच असेल तर पंचविशीनंतर आणि डॉक्टरांना विचारून लावा. आणि घरात मांजर असेल तर बाटली, लावलेला हात, उशी, सगळं तिच्यापासून लांब ठेवा. थोडंसं मिनॉक्सिडिल चाटूनही मांजर दगावू शकतं.

चेहरा बघून, आणि गळ्याची रेघ

स्टाइल कोणती? नावं पुष्कळ आहेत आणि दर वर्षी बदलतात. तत्त्व एकच: जिथे दाट आहे तिथे ठेवा, जिथे विरळ आहे तिथे कमी करा.

गालावर विरळ पण हनुवटीला दाट असेल तर गाल साफ ठेवून मिशी-हनुवटी जोडणारा फ्रेंच कट चांगला दिसतो. सगळीकडेच थोडी विरळ असेल तर दोन-तीन मिलिमीटरचे खुंट ठेवा. लांबी कमी असली की दाट-विरळ हा भेद डोळ्यांत भरत नाही. सगळीकडे दाट असेल तर हवं ते करा, देवाने दिलंय.

आपल्या भागात शिवजयंती जवळ आली की आणखी एक दाढी दिसते. कपाळावर चंद्रकोर आणि हनुवटीशी टोकदार दाढी. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली, गोवळकोंडा शैलीतली चित्रं आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांत दाढी कल्ल्यांपासून जबड्याच्या कडेने येते आणि हनुवटीशी निमुळती होते, गाल मोकळे असतात. ज्यांच्या गालावर केस कमी, पण जबड्यावर बऱ्यापैकी आहेत, अशा मुलांना ही ठेवण सहज जमते. आदर कसा राखायचा ते तुम्हाला सांगायला नको. मी फक्त केसांचं बोलतेय.

चेहऱ्याचा आकारही बघा. चेहरा गोल असेल तर बाजूने कमी आणि हनुवटीला थोडी जास्त ठेवा, चेहरा लांबट दिसतो. चेहरा मुळातच लांब असेल तर उलट करा. खाली वाढवू नका, बाजूला भरू द्या. हनुवटी आत असेल तर दाढी तिला आधार देते.

सगळ्यात जास्त चुकते ती गळ्याची रेघ. मुलं ती थेट जबड्याच्या हाडावर मारतात. बोलताना, मान वळवताना मग दुहेरी हनुवटी दिसते. कंठमण्याच्या वर दोन बोटं आडवी ठेवा. तिथून दोन्ही बाजूंना कानाच्या मागपर्यंत हलकी गोलाई घ्या. त्याच्या खालचं काढा, वरचं ठेवा. गालाची रेघ जिथे नैसर्गिक आहे तिथेच असू द्या, वरचे भटके केस तेवढे काढा. रेघ दर वेळी मिलिमीटरभर खाली सरकली की महिन्याभरात दाढी हनुवटीवर येऊन बसते.

ट्रिमर वापरताना केस कोरडे हवेत. ओला केस लांब दिसतो आणि जास्त कापला जातो. आधी मोठ्या नंबरचं गार्ड लावा, मग गरज वाटली तर लहान. कापलेलं परत चिकटवता येत नाही. आठवड्यातून एकदा लांबी सारखी करा, दर तीन-चार दिवसांनी गळा साफ करा. बस.

पनवेलच्या हवेतली दाढी

फोटोतली दाढी बहुतेक थंड हवेतली, नाहीतर वातानुकूलित खोलीतली असते. आपली दाढी हार्बर लोकलच्या गर्दीत घाम गाळते, हेल्मेटच्या पट्ट्याखाली घासली जाते आणि जून ते सप्टेंबर ओलीच राहते. त्यामुळे निगाही इथल्या हवेची हवी.

दाढी रोज पाण्याने धुवा. आठवड्यातून दोन-तीनदा चेहऱ्याच्या सौम्य फेसवॉशने, बोटांची टोकं कातडीपर्यंत पोचवून. अंगाचा साबण नको, कातडी कोरडी पडते. धुतल्यावर टॉवेलने टिपा, खसाखसा पुसू नका. आणि कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या. हेल्मेटचा पट्टा आठवड्याला धुवा, तो ओला घालू नका. तेल लावायचं तर तीन-चार थेंब बास, तेही हिवाळ्यात. पावसाळ्यात आणि मुरमं येणाऱ्यांनी तेल टाळलेलं बरं.

दाढीत पांढरी पापुद्र्यासारखी खपली पडते, नाकाच्या बाजूला लाली येते, तो कोंडा असतो. आपल्या कातडीवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी राहते, ती कातडीच्या तेलावर जगते. कोंडा झाला म्हणून लोक आणखी तेल चोपडतात, म्हणजे पाहुण्याला आणखी वाढतात. (हशा) २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुतला की बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत आराम पडतो.

कुरळ्या केसांची तक्रार वेगळी. अगदी गुळगुळीत दाढी केली की कापलेलं टोक वळून परत कातडीत शिरतं. तिथे फोड येतो, तो काळा डाग ठेवून जातो. अशांनी वस्तरा केसांच्या दिशेनेच फिरवावा, उलटा नाही, आणि कातडी ताणू नये. त्याहून सोपं म्हणजे ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवावी. अशांना दाढी ठेवणं हाच उपचार असतो.

सलूनच्या खुर्चीत बसताना

आपले सलूनवाले मेहनती लोक आहेत, त्यांच्या हातात कला आहे. तरी दोन गोष्टींकडे गिऱ्हाइकाने स्वतः बघायलाच हवं.

पहिली, ब्लेड. आपल्याकडे ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्यात घालतात. ते तुमच्या समोर, नवीन पाकिटातून निघालं पाहिजे. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. रक्त डोळ्यांना दिसायचीही गरज नाही. जंतुनाशकाच्या पाण्यात ब्लेड बुडवून काढणं पुरेसं नाही. 'भाऊ, नवीन लाव' म्हणायला लाजू नका. आणि हिपॅटायटिस बी ची लस मोठ्यांनाही घेता येते: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तुरटी. दाढी झाली की तुरटीचा खडा ओला करून चेहऱ्यावर फिरवतात. जिथे कापलंय तिथे जरा जास्तच. तोच खडा तुमच्या आधी दहा जणांच्या कापलेल्या जागेवरून फिरलाय. ब्लेड नवीन आणि तुरटी जुनी, याला काय अर्थ? वीस रुपयांचा खडा स्वतःचा घेऊन जा, किंवा नको म्हणा. टॉवेल आणि ब्रशचंही तसंच.

तिसरी वस्तू: ट्यूब

आता त्या मुलाच्या पिशवीतली तिसरी वस्तू. त्याच्या गालावर होतं ते गजकर्ण, म्हणजेच नायटा. टॉवेलमधून, ट्रिमरमधून किंवा स्वतःच्याच मांडीवरच्या गजकर्णातून हाताने चेहऱ्यावर आलेलं. ओळखायचं कसं? गोल चट्टा, कडेला लाल-उठलेला, मधे साफ होत जाणारा, खूप खाजणारा, हळूहळू पसरणारा.

त्याने काय केलं? दुकानातून ट्यूब आणली. तिच्यात तीन औषधं होती: बुरशीचं, जंतूंचं आणि एक तीव्र स्टिरॉइड. स्टिरॉइड दोन दिवसांत खाज थांबवतं, लाली घालवतं. माणसाला वाटतं बरं झालं. पण ते कातडीची लढायची ताकदच कमी करतं आणि खाली बुरशी मजेत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट येतं. पुन्हा ट्यूब. या मुलाचं हे पाच महिने चाललं होतं. कातडी पातळ झाली होती, बारीक लाल शिरा दिसत होत्या, मुरमं आली होती आणि गजकर्ण मानेपर्यंत उतरलं होतं.

हे एका मुलाचं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्ण चिवट झालंय, साध्या औषधांना दाद देईनासं झालंय, आणि स्टिरॉइडच्या ट्यूबचा सर्रास वापर हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी ती मिळतात. म्हणून तुम्हीच ट्यूबवरची नावं वाचायला शिका. क्लोबेटॅसोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ती चेहऱ्यावर आपल्या मनाने लावायची नाही. गोरं करणाऱ्या क्रीममध्येही हीच नावं सापडतात.

दाढीतलं गजकर्ण केसाच्या मुळात शिरतं. वरून लावून भागत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही काही आठवडे, आणि बरं दिसल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांचाही उपचार बरोबरच. टॉवेल वेगळा, आणि ट्रिमर कुणाला द्यायचा नाही, अगदी सख्ख्या भावालाही नाही.

दाढी आणि पोटाचा धंदा

मुलगा तीन महिन्यांत बरा होत आला. तोवर त्याला तळोज्यात एका रासायनिक कारखान्यात काम मिळालं आणि पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, दाढी काढून यायचं. तो माझ्याकडे आला तो चिडूनच. "एवढं सगळं झाल्यावर आता कुठे नीट यायला लागली होती, मॅडम."

मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण तळोजा, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात आपल्यातले कितीतरी जण काम करतात. वायूपासून वाचवणारा घट्ट मास्क चेहऱ्याच्या कातडीला चिकटून बसला तरच काम करतो. मधे केस आले की फट पडते. हवा सोपी वाट धरते, गाळणीतून न जाता त्या फटीतून आत येते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेने, नायॉशने, २०१७ मध्ये दाढी-मिशांच्या कितीतरी प्रकारांचा तक्ताच काढला: कोणता मास्कखाली चालतो, कोणता नाही. मास्कच्या कडेच्या आत राहणारी मिशी चालते. पूर्ण दाढी चालत नाही, आणि गालावरचे बारीक खुंटही चालत नाहीत. कोविडच्या वेळी हाच तक्ता पुन्हा जगभर फिरला.

म्हणजे हा नियम कुणाच्या आवडीनिवडीचा नाही. गळती झाली त्या दिवशी तुमच्या फुफ्फुसात काय जाईल, हे गालावरचे दोन मिलिमीटर ठरवतात. नोकरी घेताना हे आधीच विचारा. आपल्याकडे विमानतळामुळे मुलं वेगवेगळ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करतायत, तिथेही दाढीबद्दल काय नियम आहे ते मुलाखतीआधी बघून जा.

काही प्रश्न

*माझ्या वडिलांची दाढी पांढरी झालीय. ते मेंदी लावतात. चालेल?*

शुद्ध मेंदी सहसा चालते. पण 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, तेच डायमध्येही असतं. काहींना त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी येते, चेहरा सुजतो, डोळे उघडत नाहीत. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. पूर्वी त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असं नाही. एकदा अ‍ॅलर्जी झाली तर परत प्रयत्न करू नका. पांढरी दाढी शोभून दिसते, हेही वडिलांना सांगा.

*दाढीत नाण्याएवढा गोल भाग एकदम गुळगुळीत झालाय. लोक म्हणतात किडा लागलाय.*

किडा नाही. याला आपण चाई म्हणतो. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. लसूण, कांदा चोळू नका, कातडी भाजते. पुष्कळदा केस आपसूक परत येतात, आधी पांढरे, मग काळे. भाग वाढत असेल तर लवकर दाखवा, उपचार आहेत.

*मुलींना दाढी आवडते का?* (हशा)

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. एकाच पुरुषाचे दाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे फोटो दाखवले. बायकांना दहा-एक दिवसांचे दाट खुंट सगळ्यात आकर्षक वाटले. पूर्ण दाढीवाला चांगला बाप होईल असं मात्र वाटलं. पुढच्या वर्षी त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: आजूबाजूला दाढीवाले कमी असले की दाढी जास्त आवडते, सगळेच दाढीवाले झाले की गुळगुळीत चेहऱ्याचा भाव वाढतो. तेव्हा लोकांना काय आवडतं याच्या मागे लागलात तर दर वर्षी दाढी बदलावी लागेल.

*मॅडम, माझं सलून आहे. तुरटीचं तुम्ही म्हणालात ते पटलं, पण गिऱ्हाईक तुरटी मागतंच.*

खरंय. तुम्ही काय करता?

*मी आता तुरटी पाण्यात विरघळवून फवाऱ्याच्या बाटलीत भरतो. चेहऱ्यावर मारतो, कशाला शिवत नाही.*

याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. हे सगळ्या पनवेलच्या सलूनवाल्यांना सांगा. (टाळ्या)

*त्या मुलाचं पुढे काय झालं?*

दाढी काढली त्याने. मिशी ठेवली, मास्कच्या आत बसेल एवढी. गालावर थोडे डाग आहेत, ते जायला वेळ लागेल. मागच्या वेळी आला तेव्हा मला म्हणाला, "मॅडम, कधी लांब सुट्टी मिळाली की महिनाभर ठेवून बघणार आहे, नुसतं कशी येते ते बघायला." मी म्हटलं, जरूर बघ. फक्त कामावर जायच्या आदल्या रात्री काढ, आणि ट्रिमर तुझा तू ठेव.